चिमूटभर मीठ आणि पांढरं कापड

मला राग येत नाही, असं आयुष्यात मला एकाच माणसाने सांगितलं आहे. आमच्या घरात विचारा, अकोल्याच्या आमच्या वस्तीत विचारा, बहारीनमध्ये ज्या ज्या फोरमनच्या हाताखाली मी एसी दुरुस्त केले त्यांना विचारा, सगळे पोट धरून हसतील. पण माझ्या गुरूंनी तिथेच, बहारीनमधल्या अरादच्या किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, माझ्या छातीला बोट लावून सांगितलं, "गुस्सा नहीं है. अंदर मफी." मफी म्हणजे नाही. चहात साखर नसली तरी तिकडे हाच शब्द आणि नोकरी गेली तरी हाच.

गुरू इंडोनेशियाचे, जावा बेटावरचे. जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीत वेल्डर होते. त्यांच्या कॅम्पमधला एसी बंद पडला म्हणून मी तिथे गेलो, आणि शिडीवर उभा असताना मागच्या अंगणात हा पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस एकटाच हातपाय फिरवताना दिसला. त्यांची ती सिलाट नावाची जुनी लढण्याची विद्या. मी स्क्रू काढायचा विसरून बघत राहिलो. दोन आठवड्यांनी मी त्यांचा शिष्य झालो होतो. त्यांच्या भाषेतही गुरूला गुरूच म्हणतात, तेवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून येत होती. बाकी आमचं सगळं बोलणं गोदीतल्या हिंदीत चाले.

खाडीचं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. मी तिशीच्या आत होतो आणि मला ही विद्या एका ठरावीक कारणासाठी हवी होती. आमच्या वस्तीतल्या मुलींना शिकवणीहून परत येताना दारूच्या दुकानावरून यावं लागे. धाकट्या बहिणीने पत्रात लिहिलं होतं की आता आम्ही दगड घेऊन चालतो. मी तिला उलट टपाली कळवलं की दगड ठेव, मी येतो तेव्हा तुम्हाला शिकवतो. तिने लगेच विहाराच्या कमिटीकडून मागचा हॉल मागून घेतला आणि अकरा मुलींची नावं लिहून काढली. तिचं काम असं झटपट असतं.

आता नुसतं शिकून भागत नव्हतं. पहिल्याच दिवशी गुरूंनी शपथ घ्यायला लावली होती की त्यांनी कमरेला पांढरं कापड बांधल्याशिवाय कुणाला एक हातही शिकवायचा नाही. कापड साधं, मांजरपाटासारखं. तीन वेढे आणि डाव्या अंगाला गाठ. गाठ गुरूंनीच आपल्या हाताने मारायची, तीच परवानगी. मी शपथ घेतली. दिलेला शब्द पाळायचा ही आमच्या वडिलांची शिकवण, त्यात मी तरी काही कमी केलं नाही असं तेव्हा मला वाटत होतं.

हातापायांचं शिक्षण मी दीड वर्षात संपवलं. शुक्रवारी सकाळी सुट्टी. उजाडता उजाडता अरादला पोचायचं, वाळूत अनवाणी उभं राहायचं, न लागता पडायला शिकायचं, लाथ, अडवणं, मनगट सोडवणं. गुरू माझ्यावर खूश होते. "बाहर बहुत अच्छा," म्हणायचे. आणि मग ते "अंदर" यायचं. अंदरच्या गोष्टी सुरू झाल्या आणि माझं डोकं फिरायला लागलं.

मी बौद्ध घरातला. देव्हारा आजोबांनी घरातून बाहेर काढला, त्यानंतर आमच्याकडे नारळ फक्त चटणीसाठी फुटला. अंगारा, गंडा, दोरा, उपास यातलं काही मी पाहिलं नव्हतं. आणि इथे परदेशात येऊन मी एका वेल्डरसमोर मांडी घालून बेंबीखाली श्वास कोंडून बसत होतो. बाकीचे चौघं, त्यांत दोन इंडोनेशियाचे स्वयंपाकी, एक पाकिस्तानी ड्रायव्हर आणि एक श्रीलंकेचा सुतार, श्वास कोंडून अरबीत काहीतरी पुटपुटायचे. गुरूंनी मला अरबी शब्द म्हणायची सक्ती केली नाही, हे मात्र खरं. म्हणाले, "तेरा माँ जो सिखाया, वो बोल." मी त्रिशरण म्हणत असे. आईने तेच शिकवलं होतं. पण त्याने पोटात ऊब येईल असं आई कधी म्हणाली नव्हती.

दुसऱ्यांना ऊब यायची. ड्रायव्हरच्या तळहातांत मुंग्या यायच्या, सुताराला कपाळात काहीतरी फिरल्यासारखं वाटायचं. मला फक्त पाय बधिर झाल्याचं कळायचं. मी इमानेइतबारे सांगायचो, "कुछ नहीं." गुरू मान हलवायचे.

मग फुलांची आंघोळ. सात प्रकारची फुलं पाण्यात टाकून डोक्यावरून घ्यायची. जावामध्ये म्हणे दारात सात प्रकारची फुलं मिळतात. बहारीनमध्ये एका स्वयंपाक्याने हॉटेलातल्या लग्नानंतर उरलेली, कडा काळ्या पडलेली फुलं पिशवीत भरून आणली. मोजली तर सहाच प्रकार निघाले. सातवा म्हणून गुरूंनी कुणाच्या तरी कुंपणावरचं बोगनवेलीचं फूल तोडलं. मी डोळे मिटून पाणी घेतलं आणि जिदहफ्सला माझ्या खोलीवर परत येताना पिकअपमधली माणसं नवरदेवाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होती. एवढं करून आत काय झालं? काही नाही. केसांत पाकळ्या मात्र दोन दिवस सापडत होत्या.

या सगळ्याची परीक्षा एकच होती. शिष्याने दहा पावलांवरून रागाने गुरूंवर धावून जायचं. गुरू उभे राहणार, श्वास खाली नेऊन तळहात पुढे करणार, आणि शिष्य त्यांना हात लागायच्या आधीच मागे फेकला जाणार. ज्याची आतली वाट उघडली आहे त्यालाच हा धक्का कळतो, आणि तो कळला की कापड. आधी स्वयंपाकी पडले. मग ड्रायव्हर, चांगला नव्वद किलोचा गडी, हवेत हेलपाटून वाळूत आडवा झाला. सुतार तर दोनदा लोळला. त्या सगळ्यांना गाठी बांधून झाल्या. आणि मी? मी धावत गेलो आणि सरळ गुरूंच्या तळहातावर नाक आपटून थांबलो.

तेव्हाच ते म्हणाले होते, माझ्यात राग नाही म्हणून. धक्का रागाला बसतो, रिकाम्या माणसाला कसा बसणार?

मी काय सांगू त्यांना? त्या वेळी माझ्यात इतका राग होता की मी अख्खी गोदी उलथून टाकली असती. त्यांच्यावर राग, त्या काळ्या पडलेल्या फुलांवर राग, लोळणाऱ्या सुतारावर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता ती मला जमत नाही म्हणून मला रडू येत होतं.

गुरूंनी उपाय सांगितला. सात दिवस फक्त पांढरा भात आणि पाणी. डाळ नाही, लोणचं नाही, चहा नाही. आणि मीठ तर अजिबात नाही. मीठ जिभेला बांधून ठेवतं, म्हणाले. त्यांच्याकडे याला पांढरा उपास म्हणतात. त्यांचा कॉन्ट्रॅक्ट संपायला दोन महिने उरले होते. ते एकदा गेले की मला कापड बांधणारं त्या देशात दुसरं कुणी नव्हतं.

जिदहफ्सच्या खोलीत माझ्याबरोबर एक भाई राहत होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात कारकून. दुपारी दुकान बंद झालं की तेच दोघांचा स्वयंपाक करायचे, मी भांडी घासायचो. उपासाचं ऐकून ते आधी हसले आणि मग गंभीर झाले.

"रोजा आमी पन ठेवतो," ते म्हणाले, "पन सांज झाली का पोटभर खातो. ह्या उन्हात सात दिवस बिनमिठाचा? कोन हाय तो तुझा गुरू, डॉक्टर हाय काय?"

"तुम्ही फक्त भात शिजवा, भाई. बाकीचं माझं मी बघतो."

जुलै होता. मी दिवसभर सनद नावाच्या भागातल्या बंगल्यांच्या गच्च्यांवर, तापलेल्या कॉम्प्रेसरशेजारी उकिडवा बसलेला असायचो. बहारीनचा उन्हाळा नुसता तापत नाही, अंगाला चिकटतो. दुसऱ्या दिवशी डोकं गरगरलं. तिसऱ्या दिवशी शिडीवर उभा असतानाच दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की मी रेलिंगला मिठी मारून ओरडलो. हेल्परने मला धरून खाली आणलं. संध्याकाळी खोलीवर लंगडत आलो. भाईंनी तेल गरम करून माझ्या पोटऱ्या चोळल्या. पुढच्या चार दिवसांत गोळे काही आले नाहीत. मला वाटलं, शरीर सरावलं. अंगात काहीतरी खरंच बदलतंय असंही वाटलं, हे आज कबूल करायला लाज वाटते. पांढऱ्या भाताला चव यायला लागली होती. मी ते बहिणीला पत्रातही लिहिलं.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, मी अरादला धावलो आणि पुन्हा तळहातावर जाऊन थांबलो.

खोलीवर येऊन मी भांडी आदळली. भाई वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी त्यांना काही विचारलं नाही. आठवडा गेला. पुढच्या शुक्रवारी मी निघालो तर भाई धुतलेला शर्ट घालून, टोपी घालून दारात उभे. म्हणाले, मी पन येतो. मला वाटलं समुद्राची हवा खायला येताहेत.

अरादला उतरल्यावर ते तडक गुरूंपाशी गेले, सलाम केला आणि आपल्या हिंदीत बोलायला लागले. "इसका कुछ गलती नहीं. मैंने चावल में नमक डाला. चार दिन डाला, चुटकी चुटकी. इसको मालूम नहीं. पाँव में गोला आता था, देखा नहीं गया."

 गुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भाईंचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "कोई बात नहीं. अच्छा किया, बोला." आणि माझ्याकडे वळून, "फिर से. सात दिन."

परत येताना मी भाईंना काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्हाला काय अधिकार होता, माझे सात दिवस पाण्यात घातले, आणि घातलेच होते तर निदान गप्प तरी बसायचं, त्यांना सांगायला कोण गेलं होतं? भाई खिडकीबाहेर बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तू कष्ट केलंस ते खोट्यावर नको ऱ्हायला, म्हनून सांगितलं. माझी चूक हाय, मी मानतो." त्यावर मी आणखी चिडलो. चूक मान्य करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला फार त्रास होतो.

दुसरे सात दिवस भात मी स्वतः शिजवला. भाईंना शेगडीजवळ येऊ दिलं नाही. गोळे आले, ओकाऱ्या झाल्या, एक दिवस रजा टाकावी लागली आणि फोरमनच्या शिव्या खाव्या लागल्या. भाई त्यांची डाळ आणि सुका जवळा माझ्यासमोर खायचे नाहीत, बाहेर पायरीवर जाऊन जेवायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. आठव्या दिवशी धावलो. तळहात. नाक.

"अंदर मफी," गुरू म्हणाले, पण या वेळी हळू आवाजात, जणू त्यांनाच वाईट वाटत होतं.

त्यानंतरचे शुक्रवार मी मोजून काढले. बहिणीचं पत्र आलं होतं. "दादा, पोरी रोज विचारून राहिल्या, कधी येते तुमचा दादा. हॉल झाडून ठेवला आहे. चटया आणल्या. तुझं कापड झालं का?" मी उत्तर लिहिलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी गुरूंचं सामान बांधून झालेलं होतं. सोमवारचं विमान होतं. समुद्राला ओहोटी होती, वाळूला कुजक्या शेवाळाचा वास येत होता. गुरूंनी मला दहा पावलं मागे उभं केलं. त्यांच्या पिशवीतून पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. मी धावलो. चौथ्या पावलाला मला अकरा मुलींची यादी आठवली, बहिणीच्या तिरक्या अक्षरातली. गुरूंचा तळहात वर आला. मी दोन हातांच्या अंतरावर स्वतःला मागे फेकलं.

पडणं तर मला उत्तम यायचं. पहिल्या महिन्यात तेच शिकलो होतो. पाठ टेकली, हात वाळूवर आपटले, एक पलटीसुद्धा घेतली. चौघांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने येऊन मला उचललं आणि मिठी मारली. मी वर बघितलं तर गुरू तळहात तसाच पुढे धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.  मग त्यांनी हात खाली घेतला.

पिशवीतून कापड काढून ते माझ्यासमोर आले. मी सरळ उभा राहिलो, हात थोडे बाजूला केले, बांधायला सोयीचं व्हावं म्हणून. त्यांनी कापडाची घडी केली, होती त्याहून नीट केली, आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. गाठ मारली नाही. बाकीच्यांना वाटलं, नंतर मारतील. ते वाळूतून चपला शोधायला लागले. गुरूंनी माझ्या खांद्यावरची वाळू झटकली आणि म्हणाले, "वो नमक वाला भाई है ना, उसको मेरा सलाम बोलना."

बस, एवढंच. मी "जी" म्हणालो. त्या वेळी सांगायला हवं होतं. समुद्र होता, सकाळ होती, दुसरं कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. मी "जी" म्हणालो आणि कापड पिशवीत घातलं.

खोलीवर भाईंनी त्या दिवशी मासे आणले होते, माझा उपास कायमचा संपला म्हणून. कापड बघून त्यांनी हात धुतले, मगच ते हातात घेतलं. "झालं एकदाचं," म्हणाले. मी त्यांना गुरूंचा सलाम सांगितला.

"मला? मला कशापायी?"

"काय माहीत," मी म्हणालो, आणि काटे काढत बसलो.

सोमवारी मला विमानतळावर जाता आलं असतं. शिफ्ट बदलून मिळत होती. मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी मी कायमचा परत आलो. हॉल झाडलेला होता, चटया उन्हात टाकलेल्या होत्या. बहिणीने माझ्या बॅगेतून कापड काढलं आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "दादा, बांध ना, फोटो काढू." मी म्हणालो, नको. ते गुरूंनी बांधायचं असतं. "मग नाही बांधलं त्यांनी?" ती म्हणाली. मी म्हणालो, घाईत राहून गेलं. तिने कापड घडी न मोडता बॅगेत परत ठेवलं. लहानपणापासून ती मला ओळखते.

शपथ मात्र मी मोडली नाही. एकही हात शिकवला नाही. मुली चार दिवस आल्या, आठ दिवस आल्या, मी आज पाठ दुखते, उद्या बाहेरगावी जातोय, असं सांगत राहिलो. शेवटी बहिणीने शहरातल्या एका कराटेवाल्या बाईंना गाठलं आणि त्यांनी हॉलमध्ये वर्ग सुरू केला. वर्ग चांगला चालला. मी त्यांना हॉलचा पंखा दुरुस्त करून दिला.

कापड माझ्याकडे आहे. कपाटात खालच्या खणात, गुरूंनी केलेल्या घडीतच. सकाळी मी अजून सिलाट करतो, एकटा, गच्चीवर. श्वासाला बसतो. त्रिशरण म्हणतो. पोटात ऊब आजही येत नाही.

आणि राग मात्र येतो, त्याच माणसाचा. वाटतं, त्यांना कळलं होतं तर त्यांनी तोंडाने का विचारलं नाही? तू पडलास की मी पाडलं, एवढा एक प्रश्न. त्यांनी विचारलं असतं तर मी जागच्या जागी खरं सांगितलं असतं. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो आहे. आणि दर वेळी डोळ्यांसमोर भाई येतात, धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी, अरादच्या वाळूत बूट रुतलेले. त्यांना तरी कुठे कुणी विचारलं होतं.